रेवदंड्याच्या वाड्या आणि पिल्लांची रक्ती हगवण

कुंडलिका नदी जेथे अरबी समुद्रास मिळते, तेथे खाडीच्या उत्तर तीरावर रेवदंडा हे गाव वसलेले आहे. समोर कोरलईचा डोंगर, पाठीशी चौल, आणि जुन्या पोर्तुगीज तटबंदीच्या आतबाहेर नारळी-पोफळीच्या दाट वाड्या, असे या गावाचे रूप आहे. अष्टागरातील इतर गावांप्रमाणेच येथेही वाडी, भातशेती आणि मासेमारी हे उपजीविकेचे मुख्य आधार होत. त्यांच्या जोडीला परसातील चार-सहा कोंबड्या हा घरातील बाईचा स्वतःचा धंदा असतो. त्याचा हिशेब वहीत लिहिला जात नाही. परंतु मुलाची वही-पेन्सिल, औषधाची बाटली, सणाचा नारळ-गूळ अशा कितीतरी गरजा अंड्यांच्या पैशांतून भागतात.

या लहानशा धंद्याला दर पावसाळ्यात एक मोठा धक्का बसतो. मृगाच्या आगेमागे बसविलेल्या खुडूक कोंबडीखाली बारा अंड्यांतून दहा पिल्ले निघतात. पहिले तीन आठवडे ती आईमागून वाडीभर हिंडतात, झपाट्याने वाढतात. चौथ्या-पाचव्या आठवड्यात एके सकाळी दोन-तीन पिल्ले पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात उभी दिसतात. खुराड्याच्या तळाशी रक्त सांडल्यासारखी विष्ठा आढळते. दुसऱ्या दिवशी दोन पिल्ले मरतात, तिसऱ्या दिवशी आणखी तीन. आठवड्याच्या शेवटी दहांपैकी तीन-चारच उरतात. घरातील वडीलधारी माणसे म्हणतात, "गारठा लागला." शेजारीण म्हणते, "नजर लागली." वस्तुतः गारठाही नव्हे आणि नजरही नव्हे. हा रक्ती हगवणीचा आजार असून तो डोळ्यांना न दिसणाऱ्या एका परोपजीवी जीवामुळे होतो.

नुकसान किती, याचा विचार एकदा नीट करावयास हवा. गावठी कोंबडी वर्षास साधारणतः ५० ते ६० अंडी देते, आणि तीही तीन-चार पाळ्यांत. एक पाळीची अंडी बसविण्यात गेली, २१ दिवस उबविण्यात गेले, त्यापुढील कित्येक आठवडे पिल्ले सांभाळण्यात गेले. त्या सर्व काळात कोंबडी अंडी देत नाही. अशा वेळी पाचव्या आठवड्यात पिल्ले मेली म्हणजे त्या कोंबडीच्या वर्षभराच्या श्रमांपैकी तिसरा-चौथा हिस्सा मातीत गेला, असेच म्हणावे लागेल. हे नुकसान टाळता येण्यासारखे आहे. त्यासाठी मोठा खर्च नको. मात्र शत्रूची रीत ओळखावयास हवी.

शत्रूची ओळख

रक्ती हगवण घडविणाऱ्या जीवांना कॉक्सिडिया म्हणतात. हे एकपेशीय प्राणी असून त्यांच्या ज्या कुळातील जाती कोंबड्यांना बाधतात त्यास आयमेरिया हे नाव आहे. हे नाव थिओडोर आयमर या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ १८७५ साली दिले गेले. त्याच्या पुष्कळ आधी, १६७४ साली, हॉलंडमधील लेव्हेनहुक याने आपल्या हाताने घडविलेल्या सूक्ष्मदर्शक भिंगातून सशाच्या यकृतातील पित्तात असे कोश पाहिले होते. परंतु ते काय आहेत हे कळण्यास पुढे दोनशे वर्षे जावी लागली. कोंबडीच्या आतड्यांत या जीवांच्या निरनिराळ्या जाती असतात आणि प्रत्येक जात आतड्याचा आपापला भाग निवडते, ही गोष्ट अमेरिकेतील टायझर या शास्त्रज्ञाने १९२९ साली विस्ताराने दाखवून दिली.

आज कोंबडीत आढळणाऱ्या आयमेरियाच्या सात जाती सर्वमान्य आहेत. त्यांतील टेनेला ही जात सर्वांत घातक होय. कोंबडीच्या लहान आतड्याच्या शेवटाशी दोन आंधळ्या पिशव्या असतात. त्यांना आंधळी आतडी म्हणतात. टेनेला तेथे घर करते आणि तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांत रक्तस्राव घडवून आणते. नेकॅट्रिक्स ही दुसरी घातक जात लहान आतड्याच्या मधल्या भागात वाढते व बहुधा दोन-अडीच महिन्यांपुढील तलंगांना पीडा देते. इतर काही जातींमुळे रक्त दिसत नाही. परंतु पिल्ले खुरटतात, खाल्लेले अंगी लागत नाही, आणि पाळणाऱ्यास कारण मात्र कळत नाही.

टेनेलाचा एक कोश इतका सूक्ष्म असतो की सुमारे ४५ कोश एका रांगेत ठेवले असता त्यांची लांबी जेमतेम १ मिलिमीटर भरेल. चिखल लागलेल्या पायाच्या नखात असे हजारो कोश सहज मावतात. ज्या गावाच्या तटाने एके काळी तोफांचा मारा सोसला, त्याच गावात हा शत्रू माणसाच्या तळपायाच्या चिखलातून विनासायास खुराड्यात शिरतो.

सात दिवसांचे चक्र

या जीवाचे जीवनचक्र समजून घेतल्यास प्रतिबंधाचे सर्व उपाय आपोआप उलगडतात. म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ते नीट ध्यानात ठेवावे व सोप्या शब्दांत शेतकऱ्यांना समजावून द्यावे.

बाधित पिल्लाच्या विष्ठेतून जे कोश बाहेर पडतात ते ताजे असताना निरुपद्रवी असतात. ताजी विष्ठा दुसऱ्या पिल्लाने टोचली तरी त्यातील नव्या कोशांपासून त्याला रोग होत नाही. कोश पिकावा लागतो. त्यासाठी तीन गोष्टी लागतात : ओल, ऊब आणि हवा. या तिन्ही मिळाल्या व तपमान २५ ते ३० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असले म्हणजे एक ते दोन दिवसांत कोश पिकतो. पिकलेल्या कोशात चार लहान कुप्या तयार होतात आणि प्रत्येक कुपीत दोन, याप्रमाणे एकूण आठ जंतुबीजे सिद्ध होतात.

असा पिकलेला कोश पिल्लाने दाण्याबरोबर किंवा पाण्याबरोबर गिळला की त्याच्या दळणाऱ्या जठरात कोशाचे कवच फुटते. पुढे आतड्यातील पित्त व पाचक रस यांच्या योगाने बीजे मोकळी होतात आणि आंधळ्या आतड्यांच्या अस्तरातील पेशींत शिरतात. तेथे प्रत्येक बीज वाढते व विभागते. अडीच-तीन दिवसांत एका बीजापासून सुमारे ९०० नवे जीव तयार होतात. एका कोशातील आठ बीजांचा हिशेब केला तर ही संख्या सात हजारांवर जाते. हे जीव पेशी फोडून बाहेर येतात, नव्या पेशींत घुसतात, आणि त्यांतील प्रत्येकापासून पुन्हा २०० ते ३५० जीव निपजतात. सगळेच जगत नाहीत. परंतु जे जगतात ते पुरेसे असतात.

ही दुसरी पिढी अस्तराच्या खोल थरात वाढत असल्याने ती बाहेर पडताना बारीक रक्तवाहिन्या तुटतात. कोश गिळल्यापासून पाचव्या-सहाव्या दिवशी विष्ठेत रक्त दिसते ते यामुळेच. पिल्ले मरतात तीही बहुधा याच सुमारास. नंतरच्या टप्प्यात नर व मादी रूपे उत्पन्न होतात, त्यांचा संयोग होऊन नवे कोश बनतात आणि सातव्या दिवसापासून ते विष्ठेबरोबर बाहेर पडू लागतात. येथे एक चक्र पूर्ण होते.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, ज्या दिवशी रक्त दिसते त्या दिवशी रोग सुरू झालेला नसतो. तो पाच दिवसांपूर्वीच सुरू झालेला असतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. विष्ठा पडल्यापासून कोश पिकेपर्यंत शेतकऱ्याच्या हाती एक दिवसाची मुदत असते. त्या मुदतीत विष्ठा उचलून दूर नेली किंवा ती सुकून गेली, तर शत्रूचे शस्त्र धार लागण्यापूर्वीच निकामी होते.

रेवदंड्याची माती त्यास का मानवते

घाटावरील कोरड्या गावांत उन्हाळ्यात कोंबड्यांचे आवार तापून निघते. कडक ऊन व कोरडेपणा या दोहोंपुढे कोश टिकत नाहीत. समुद्रकाठच्या गावांत तशी स्थिती नसते. रायगडच्या किनारपट्टीवर वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो आणि त्याचे मान दोन हजार मिलिमीटरच्या वर जाते. या काळात हवा दमट असते, तपमान कोशांना हवे तेवढेच असते, आणि ओलीची तर वाणच नसते.

परंतु गोष्ट एवढ्यावर संपत नाही. नारळी-पोफळीच्या वाडीस उन्हाळ्यातही नियमाने पाणी द्यावे लागते. वर झावळ्यांची दाट सावली आणि खाली शिंपणाची ओल, यामुळे वाडीतील माती मे महिन्यातही थंड व ओलसर राहते. पोफळीस जे मानवते तेच कोशांनाही मानवते. सावलीतील ओल्या मातीत कोश कित्येक महिने जिवंत राहू शकतात. त्यामुळे गेल्या पावसाळ्यातील रोगाचे बीज या पावसाळ्यातील पिल्लांची वाट पाहत तेथेच पडून असते. पिल्ले नेमकी आळ्यांतील ओली माती उकरण्यासच धावतात, कारण किडे-गांडुळे तेथेच सापडतात.

आणखी एक कारण स्वयंपाकघराशी निगडित आहे. किनाऱ्यावरच्या घरांत कोंबड्यांना सुकट, बोंबलाची डोकी, मासळीची कुटी देण्याची पद्धत आहे. मासळी हे पिल्लांच्या वाढीस उत्तम खाद्य होय, यात शंका नाही. मात्र मीठ लावलेली सुकी मासळी जास्त दिली तर पिल्लांस तहान अधिक लागते, ती पाणी अधिक पितात आणि विष्ठा पातळ होते. पातळ विष्ठेने खुराड्याचा तळ ओला राहतो व कोश पिकण्यास आयती सोय होते. यास्तव बिनमिठाची, उन्हात खडखडीत वाळविलेली मासळीच पिल्लांसाठी वापरावी आणि तीही कणी-कोंड्यात मिसळून बेताने द्यावी.

रोग कसा ओळखावा

बाधित पिल्ले प्रथम खाणे सोडतात. त्यांचे पंख लोंबतात, पिसे विसकटतात, आणि ती एकमेकांस चिकटून उभी राहतात. विष्ठा प्रथम पातळ, मग तांबूस व शेवटी निव्वळ रक्तासारखी होते. तुरा व पायांचा रंग फिका पडतो. मेलेले पिल्लू उघडून पाहिले असता दोन्ही आंधळी आतडी फुगलेली, गडद लाल व रक्ताने किंवा रक्ताच्या गुठळ्यांनी भरलेली आढळतात. हे लक्षण एकदा पाहिले की सहसा विसरत नाही.

मानमोडीशी या रोगाची गल्लत करू नये. मानमोडीत लहान-मोठ्या सर्व वयांच्या कोंबड्या आजारी पडतात, श्वास घेताना घरघर होते, विष्ठा हिरवट असते, व काहींची मान वाकडी होते. मानमोडीची लस पिल्लांना अवश्य टोचून वा डोळ्यांत घालून घ्यावी. परंतु त्या लसीने रक्ती हगवण टळत नाही, हेही शेतकऱ्यास स्पष्ट सांगावे. एरवी लस देऊनही पिल्ले मेली म्हणून लसीवरील विश्वासच उडतो.

मोठ्या कोंबड्या एकाएकी, अनेक घरांत, एकाच वेळी मरू लागल्या तर मात्र तो वेगळा व गंभीर प्रकार समजावा. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतात प्रथम बर्ड फ्ल्यू आढळला. त्यानंतर अशा मरतुकीची खबर पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित देणे हे प्रत्येकाचे कर्तव्य ठरले आहे. अशा वेळी मेलेले पक्षी उघडू नयेत, विकू नयेत व खाडीत टाकू नयेत.

रक्ती हगवणीची खात्री करून घेण्याचा मार्ग सोपा आहे. ताजी विष्ठा स्वच्छ डबीत घालून, किंवा नुकतेच मेलेले पिल्लू पिशवीत बांधून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. सूक्ष्मदर्शकाखाली कोश दिसतात. शक्य असेल तेथे ग्रामसेवकांनी व पशुसखींनी गावातील दोन-चार महिलांना ते भिंगातून प्रत्यक्ष दाखविण्याची व्यवस्था करावी. डोळ्यांना दिसलेला शत्रू नजरेच्या समजुतीस पुरून उरतो.

आई आजारी का पडत नाही

पुष्कळांना प्रश्न पडतो की, पिल्ले मरतात आणि त्याच वाडीत फिरणारी कोंबडी धडधाकट राहते, हे कसे? उत्तर असे की, थोड्या प्रमाणात कोश पोटात गेले तर कोंबडीच्या शरीरात त्या जातीविरुद्ध प्रतिकारशक्ती निर्माण होते. मोठ्या कोंबडीने ही परीक्षा लहानपणीच दिलेली असते. ती स्वतः आजारी पडत नाही, पण तिच्या विष्ठेतून थोडे कोश बाहेर पडत राहतात व पिल्लांना त्यांची बाधा होते. ही शक्ती जातवार असते. टेनेलाविरुद्ध मिळालेली शक्ती नेकॅट्रिक्सपासून संरक्षण देत नाही. म्हणूनच एकदा वाचलेली तलंग पुढे पुन्हा आजारी पडू शकते.

यातून एक मोलाचे तत्त्व हाती येते. परसातील पिल्लांच्या पोटात एकही कोश जाऊ न देणे अशक्य आहे, आणि तसा हट्टही धरू नये. एकाच वेळी फार कोश पोटात जाऊ नयेत, एवढेच साधावयाचे आहे. थोड्या कोशांनी पिल्लू पक्के होते. फार कोशांनी ते मरते. स्वच्छता व कोरडेपणा यांचे सारे प्रयत्न हे प्रमाण कमी राखण्यासाठी असतात.

हा रोग अंड्यातून पिल्लात येत नाही. तो माणसास होत नाही. कोंबडीचे आयमेरिया शेळीस बाधत नाहीत आणि शेळीचे कोंबडीस बाधत नाहीत. तेव्हा शेळ्यांमुळे कोंबड्या आजारी पडल्या, असे समजून शेजाऱ्याशी भांडण करू नये.

प्रतिबंधाचे उपाय

१. खुराड्याचा तळ उंच करावा. जमिनीपासून दीड-दोन फूट उंचीवर पोफळीच्या किंवा बांबूच्या पट्ट्यांचा तळ करून त्यांत बोटभर फटी ठेवाव्यात. विष्ठा खाली पडते, पिल्लांचा तिच्याशी संबंध तुटतो. लहान पिल्लांचे पाय अडकू नयेत म्हणून पहिल्या काही आठवड्यांत बारीक जाळी अंथरावी. पोफळीची पट्टी वाडीतच मिळते. विकत आणावी लागत नाही.

२. विष्ठा रोज सकाळी उचलावी. दोन दिवसांनी उचलणे म्हणजे कोश पिकल्यावर उचलणे होय. उचललेली विष्ठा वाडीत उघडी न टाकता खताच्या खड्ड्यात घालून वर पाला व माती टाकावी. खड्डा चांगला तापला म्हणजे उष्णतेने कोश मरतात, आणि खतही उत्तम होते.

३. पिल्ले व मोठ्या कोंबड्या वेगळ्या ठेवाव्यात. आईखेरीज इतर मोठ्या कोंबड्यांचा पिल्लांशी संबंध येऊ देऊ नये. पहिले सहा आठवडे आई व पिल्ले यांना डालग्याखाली किंवा कुडाच्या आवारात ठेवावे आणि ती जागा दर चार-पाच दिवसांनी बदलावी. जुन्या जागेवर ऊन पडू द्यावे.

४. पिल्लांची जागा ओल्या आळ्यांपासून दूर ठेवावी. वाडीचा पाट, विहिरीचा काठ व भांडी घासण्याची जागा या ठिकाणी पिल्ले चरू देऊ नयेत. खळ्याची, ओटीची किंवा अंगणातील उंचवट्याची कोरडी जागा निवडावी.

५. दाणापाणी जमिनीवर देऊ नये. कणी-कोंडा मातीत फेकल्यास प्रत्येक दाण्याबरोबर कोश पोटात जातात. उभा चिरलेला बांबू किंवा पत्र्याची अरुंद पन्हळ दाण्यासाठी वापरावी, जेणेकरून पिल्ले त्यात पाय घालणार नाहीत. पाण्याचे भांडे विटेवर ठेवावे, रोज घासावे व सांडलेले पाणी पुसून घ्यावे.

६. गर्दी टाळावी. चार आठवड्यांपर्यंत प्रत्येक पिल्लास अर्धा चौरस फूट व पुढे आठ आठवड्यांपर्यंत एक चौरस फूट जागा मिळावयास हवी.

७. पादत्राणांकडे लक्ष द्यावे. एका घरची पिल्ले आजारी असताना त्या खुराड्यातून थेट दुसऱ्या घरच्या खुराड्यात जाऊ नये. ग्रामसेवकांनी व पशुसखींनी हा नियम प्रथम स्वतः पाळावा.

घरोघरी वापरल्या जाणाऱ्या फिनेलवर भरवसा ठेवू नये. कोशाचे कवच इतके चिवट असते की नेहमीच्या प्रमाणातील जंतुनाशकांचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. उकळते पाणी, ज्वाला व कडक ऊन ही त्यावरील खरी औषधे होत. पिल्लांची एक खेप संपली की खुराडे खरवडून, उकळते पाणी ओतून आठवडाभर उन्हात टाकावे. मोठ्या घरात पक्षी नसताना अमोनियाच्या द्रावणाचाही उपयोग होतो. तो मात्र जाणकाराच्या देखरेखीखालीच करावा.

गादी पद्धतीने पाळणाऱ्यांसाठी

शंभर-दोनशे पक्षी घरात बांधून पाळणाऱ्यांनी गादीची विशेष काळजी घ्यावी. भाताचे तूस गिरणीवर सहज मिळते. पिल्लांसाठी त्याचा सुमारे २ इंच जाडीचा थर द्यावा व वाढत्या वयाबरोबर तो वाढवावा. गादीची परीक्षा मुठीने करावी. मूठभर तूस घट्ट दाबून हात उघडला असता गोळा तसाच राहिला तर गादी फार ओली आहे. गोळा हलकेच सुटला तर ती योग्य आहे. मुळीच न जमता धूळ उडाली तर ती फार कोरडी आहे. गादी रोज फावड्याने वरखाली करावी. पाण्याच्या भांड्याभोवतालचा ओला भाग त्याच दिवशी काढून नवे तूस घालावे. पावसाची झड येणाऱ्या बाजूस झावळ्यांचे झडप बांधावे. मात्र वारा कोंडू नये.

अशा कुक्कुटपालनात पिल्लांच्या खाद्यात रक्ती हगवण रोखणारे औषध मिसळण्याची पद्धत आहे. सल्फा औषधांचा गुण या रोगावर १९३९ साली अमेरिकेतील लेव्हाइन यांनी दाखविला; १९४८ पासून सल्फाक्विनॉक्सॅलिन हे औषध खाद्यात नियमितपणे मिसळले जाऊ लागले; पुढे १९६० च्या सुमारास अँप्रोलियम व १९७१ मध्ये मोनेन्सिन प्रचारात आले. एकच औषध वर्षानुवर्षे वापरल्यास जीव त्यास सरावतात, म्हणून पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ते बदलत राहावे लागते. जिवंत कोशांपासून बनविलेली लसही १९५२ पासून उपलब्ध आहे. तिच्या कुप्या मोठ्या संख्येच्या पिल्लांसाठी असल्याने परसातील दहा-वीस पिल्लांसाठी ती सहसा सोयीची पडत नाही.

येथे एक इशारा दिल्यावाचून पुढे जाता येत नाही. मोनेन्सिन व त्या वर्गातील औषधे मिसळलेले कोंबडीखाद्य घोड्याने खाल्ल्यास त्याच्या हृदयावर घातक परिणाम होतो. किनाऱ्यावर घोडागाडी चालविणारी कुटुंबे आहेत व एकाच पडवीत दोन्ही पोती ठेवली जाण्याचा संभव असतो. म्हणून कोंबडीखाद्याचे पोते घोड्याच्या आवाक्यात कदापि ठेवू नये.

रोग आल्यावर

रक्त दिसताच त्याच दिवशी उपाय करावा. दुसरा दिवस उजाडू देऊ नये. आजारी पिल्ले वेगळी काढावीत, त्यांस कोरडी व उबदार जागा द्यावी, आणि खुराडे साफ करावे. औषध मात्र केवळ आजारी पिल्लांना न देता सगळ्याच पिल्लांना द्यावे, कारण निरोगी दिसणाऱ्या पिल्लांच्या पोटात चक्र सुरू झालेले असते. आजारी पिल्लू दाणा सोडते, पण पाणी पीत राहते. म्हणून औषध पाण्यातून द्यावे.

यासाठी अँप्रोलियम हे औषध सामान्यतः वापरतात. २० टक्के अँप्रोलियमची भुकटी असल्यास दर लिटर पाण्यास १.२ ग्रॅम, म्हणजे २५ लिटरला ३० ग्रॅम, हे उपचाराचे प्रमाण होय. हे पाणी पाच ते सात दिवस द्यावे व पुढे काही दिवस कमी प्रमाण चालू ठेवावे. बाजारात निरनिराळ्या तीव्रतेच्या भुकट्या मिळतात. तेव्हा वेष्टन वाचून व पशुवैद्यकास विचारूनच प्रमाण ठरवावे. औषधाचे पाणी रोज ताजे करावे आणि त्या काळात दुसरे पाणी ठेवू नये. पावसाळ्यात पिल्ले डबक्यातील पाणी पितात व औषध तसेच राहते, म्हणून उपचाराच्या दिवसांत त्यांना बंद जागेत ठेवावे. अँप्रोलियमची रचना ब-१ जीवनसत्त्वासारखी असून त्याच साधर्म्यामुळे ते या जीवांची उपासमार घडविते. साहजिकच त्याबरोबर ब-१ जीवनसत्त्वाचे औषध दिल्यास गुण कमी होतो.

रक्त गेलेल्या पिल्लांना अ व के ही जीवनसत्त्वे उपकारक ठरतात. शेवग्याचा कोवळा पाला बारीक चिरून दिल्यास दोन्ही मिळतात. सल्फा औषधे दिली असल्यास ती ठरलेल्या दिवसांपेक्षा अधिक देऊ नयेत. त्यांनी अपाय होतो. कोणतेही औषध दिलेल्या पक्ष्यांची अंडी वा मांस वेष्टनावर सांगितलेली मुदत संपेपर्यंत विकू नये व खाऊ नये.

बाधा झाल्यापासून आठ-नऊ दिवस जे पिल्लू तग धरते ते बहुधा वाचते. त्याची वाढ काही काळ मागे पडते; परंतु पुढे ते चांगली अंडी देऊ शकते. म्हणून मलूल पिल्लाचा नाद एकदम सोडू नये.

मे महिन्यातील चार दिवस

हे सारे उपाय रोग आल्यावर आठवून उपयोग नाही. रेवदंड्यासारख्या गावात त्यांची वेळ मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात येते. घरावरील झावळ्या शाकारण्याचे व लाकूडफाटा आत घेण्याचे काम चालू असतानाच चार दिवस खुराड्यासाठी काढावेत. पहिल्या दिवशी जुने खुराडे खरवडावे व उकळत्या पाण्याने धुवावे. दुसऱ्या दिवशी ते उन्हात टाकावे. तिसऱ्या दिवशी पोफळीच्या पट्ट्यांचा उंच तळ बसवावा. चौथ्या दिवशी तुसाची दोन पोती कोरड्या जागी भरून ठेवावीत आणि दवाखान्यातून मानमोडीच्या लसीची तारीख विचारून घ्यावी. शक्य तर पिल्लांची मुख्य खेप पावसाळ्यात न काढता दिवाळीनंतरच्या कोरड्या ऋतूत काढावी. त्या दिवसांतली पिल्ले अधिक वाचतात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रत्येक वाडीत निदान एक खुराडे याप्रमाणे उभे करून दाखवावे. उपदेशापेक्षा शेजारणीच्या घरची वाचलेली पिल्ले अधिक बोलतात. दहांपैकी आठ पिल्ले मोठी झाली, त्यांतील चार तलंगा अंडी देऊ लागल्या, तर त्या घरातील बाईच्या हातात वर्षभर स्वतःचा पैसा राहील. पट्ट्यांचा उंच तळ, रोजची झाडलोट व कोरडे तूस एवढ्यावरच तो अवलंबून आहे.